बैल तेच, ओढ कमी: पाणंदीपासून जुवापर्यंत काय काय दुरुस्त करायचं

आमच्यात कोल्हापूरकडं भोगावतीच्या काठाला ऊस नेण्याचं टेन्शन शेतकऱ्याला फारसं नसतंय, टोळी येते, तोडते, कारखान्याचं वाहन भरून जातं. खरा त्रास बाकीच्या वाहतुकीचा. रोजची वैरण, उकिरड्यातलं शेणखत, खताची पोती, भाताची पोती, पिंजर (भाताचं काड), कधी मोटर काढून गावात आणायची. माल तीन-चारशे किलोचा, अंतर एक-दीड किलोमीटर, आणि एवढ्यासाठी ट्रॅक्टरवाला काय येत नाही, आला तर अख्ख्या खेपेचं भाडं घेतो, आणि आषाढात तर पाणंदीच्या, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या वाटेच्या, तोंडावरच ट्रॅक्टर उभा करून म्हणतो, इथनं पुढं तुमचं तुम्ही बघा.

म्हणून आम्ही चार घरांनी मिळून परत बैलगाडी सुरू केली. पहिल्या वर्षी लई चुका केल्या. आमची समजूत अशी की गाडी ओढत नाही म्हणजे बैल कमी पडतोय, मग खुराक वाढव, दुसरी जोडी बघ. नंतर कळलं की बैल ठीक होते, बाकी सगळं बिघडलेलं होतं. पाणंद, चाक, आस, जू, सगळीकडं थोडी थोडी ताकद गळत होती. तर कुठं गळती आहे ते कसं शोधायचं आणि कमी खर्चात कसं बंद करायचं, ते आता सांगतो.

आधीच एक सांगून टाकतो, वर्षात वीस-पंचवीस खेपाच असतील आणि घरात बैलांचं बघायला माणूस नसेल तर जोडी ठेवू नका. बैल उभा असला तरी खातोयच. त्यापेक्षा पैरा करा, म्हणजे चार घरांत मिळून एक जोडी, त्याचं शेवटी सांगतो.

पहिलं काम: आठ दिवस नुसतं लिहून ठेवा

साधी वही घ्या. कुठनं कुठं, काय माल, अंदाजे किती किलो, किती वेळ लागला, गाडी कुठं अडली. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं, त्यावरनं बाकीचा अंदाज येतो. वैरणीचा एक भारा एकदा काट्यावर टाकून बघा, आपण समजतो त्यापेक्षा ओला भारा बराच जड निघतोय. आमच्या वहीत दिसलं की निम्म्याच्या वर खेपा वैरणीच्या आणि गाडी दरवेळी दोनच ठिकाणी अडते, एक ओढ्याचा उतार आणि एक विहिरीच्या वळणावरची चिखलाची जागा. दोन्ही मिळून दोनशे फूट पण नसतील. बाकी सगळी पाणंद बरी होती, पण गाडीत किती भरायचं हे ते दोनशे फूटच ठरवत होते.

थोडं गणित, कंटाळा करू नका

बैल दिवसभर आरामात किती जोर लावू शकतो? साधारण त्याच्या वजनाच्या दहा टक्के. ४०० किलोचे दोन बैल म्हणजे ८०० किलो, त्याचे ८० किलो. म्हणजे वजनकाट्याला दोरी बांधून ओढलं तर काटा ८० दाखवेल एवढी ओढ, ती पण ताशी अडीच-तीन किलोमीटरच्या चालीनं. थोडा वेळ याच्या दुप्पट-तिप्पट जोर बैल लावतोय, पण ते दहा-वीस पावलं, रोजचा धंदा नव्हे.

आता गाडी बघा. टायरची गाडी ३५० किलोची धरा, माल एक टन, म्हणजे साडेतेराशे किलो. चांगल्या डांबरावर ओढ लागते वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे ३०-४० किलो, बैल गप्पा मारत जातील. सुक्या, बऱ्या पाणंदीत पाच टक्के धरा, ७० च्या आसपास, अजून चालतंय. आणि ओल्या चिखलात पंधरा ते वीस टक्के, म्हणजे २०० ते २७०! तोच बैल, तोच माल. वर चढ असला तर त्याची भर वेगळी. वीस फुटाला एक फूट चढ म्हणजे नुसता डोळ्याला दिसतोय एवढाच, पण तेवढ्यानं साडेतेराशे किलोला अजून ६५-७० किलो ओढ वाढते.

चढ मोजायला इंजिनियर नको. ३० फूट दोरी घ्या, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप घ्या, दोन्ही टोकांचा फरक बघा. दीड फूट आला तर वीसाला एक. तीन फूट आला तर मात्र सावध व्हा. जनावरांवर क्रूरता नको म्हणून १९६० चा जो कायदा आहे, त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांचे नियम झाले, त्यात पण असला चढ, म्हणजे ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त, एक किलोमीटरभर किंवा त्याहून लांब असला तर वजन निम्मं करा म्हणून लिहिलंय. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा भागातल्या लोकांना हे सांगायला नको, त्यांचं अख्खं आयुष्य चढातच.

आणि ओढ प्रत्यक्ष मोजायची असेल तर आडतीतला लटकता डिजिटल काटा मिळतो, त्याचं एक टोक गाडीच्या दांडीला, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि पोरांना ओढायला लावा. आम्ही गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांना हे काम दिलं, त्यांची करमणूक झाली आणि आमचं काम झालं. रिकामी गाडी सपाट डांबरावर एका माणसानं ढकलली की चालली पाहिजे. नाही चालली तर पाणंदीकडं जाऊच नका, आधी चाक उघडा.

पाणंद

सगळ्यात जास्त फायदा इथं आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं पण इथंच. पाणंद खराब होते ती पाण्यानं, गाडीनं नाही. पाणी उभं राहिलं की माती मऊ पडते, मग चाकोरी पडते, चाकोरीत परत पाणी साठतं आणि पुढच्या पावसाला गुडघाभर. म्हणून नुसता मुरूम टाकून काही होत नाही, दोन वर्षांत मुरूम चिखलाच्या पोटात जातो. आमचा पहिला डंपर असाच गिळला गेला.

आधी पाण्याला वाट द्या. वरच्या बाजूला चर काढा, फूटभर रुंद, फूटभर खोल, आणि तो कुठंतरी ओढ्याला किंवा नाल्याला सोडा, शेजाऱ्याच्या सरीत नको. जिथं पाणी वाट ओलांडतं तिथं सिमेंटचा पाइप घाला, आणि पाइप महाग वाटला तर सरळ दगडी फरशी करा, पाणी वरनं जाऊ दे. मग चाकोरीतला चिखल खोऱ्यानं काढून बाहेर टाका, हे काम सगळे टाळतात आणि तेच महत्त्वाचं. चिखल काढल्यावर खाली मोठे दगड, जांभ्याचे तुकडे, जुन्या घराच्या विटांचा रोडा, त्यावर मुरूम. दहा फूट रुंद वाट असेल तर मधला भाग कडेपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवा, म्हशीच्या पाठीगत, पाणी दोन्हीकडं पळतंय. मुरूम टाकल्यावर पाणी मारून रिकामी गाडी, ट्रॅक्टर, काय मिळेल ते फिरवा. चिखलात पाचट टाकायची सवय आपल्यात लई आहे, दोन दिवस बरं वाटतं, नंतर कुजून साबणागत होतं आणि बैल घसरतो. टाकू नका.

हे सगळं मृगाच्या आधी. मे महिन्यात चार घरातली आठ माणसं तीन दिवस राबली तर दोनशे फूट होतात. सगळी पाणंद करायची असेल तर ग्रामपंचायतीकडनं शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत बसते का बघा. २०२१ ला आलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना रोजगार हमीशी जोडलेली होती, आता कुठली चालू आहे ते विचारून घ्या. गावचा नकाशा तलाठ्याकडं बघून पाणंद त्यात आहे का ते आधी तपासा. कुणी चालू वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासनं सहा महिन्याच्या आत, हे लोकं विसरतात आणि मग बोंबलत बसतात. आणि वाटच नाही, बांधावरनं नवीन पाहिजे, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. तरी पण माझं ऐकाल तर आधी त्याच्या दारात जाऊन चहा प्या. बरीच पाणंद चहावर सुटते.

गाडी: चाक, आस, बेरिंग

जुनी लाकडी चाकाची, लोखंडी धाव असलेली गाडी दिसायला देखणी, पण ती अरुंद धाव मऊ मातीत सुरीगत घुसते, आणि पाणंद पण तीच फाडते. टायरची गाडी मातीवर पसरून चालते, म्हणून ओढ कमी. बैलगाडीसाठी वेगळे टायर येतात, त्यावर एडीव्ही लिहिलेलं असतं, ८.००-१९ चा साइज ऊसगाड्यांना बघितला असेल. छोट्या शेतकऱ्याला जीपची किंवा टेम्पोची जुनी १६ इंची चाकं आणि जुनी आस पण चालते, आमची तशीच आहे. फक्त एक बघा, चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यात कमी पडतं. मोटारीची बारकी चाकं लावून गाडी बुटकी केली की भरायला सोपी होते पण पाणंदीत दगडाला अडते.

आता आमची चूक ऐका. आस वेल्डिंग करून घेतली, चाकं डोळ्याला सरळ दिसत होती, तरी गाडी जड चालायची आणि सहा महिन्यात टायर एका बाजूनं घासले. चाकं थोडी आत वळलेली होती, म्हणजे दोन्ही चाकं सारखी एकमेकाकडं जायला बघत होती. तपासायचं सोपं आहे: दोन्ही टायरवर पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीला, खडूनं खूण करा, दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. गाडी अर्धा फेरा पुढं ढकला, म्हणजे त्याच खुणा मागं येतील, परत मोजा. दोन्ही मापं सारखी पाहिजेत. आमच्यात सव्वा इंचाचा फरक निघाला! आस कापून परत बसवली, आणि त्या दिवसापासनं एक माणूस गाडी ढकलायला लागला.

बेरिंगसाठी चाक जॅकवर उचला, हातानं फिरवा. खरखर आली किंवा वरखाली हलवल्यावर चाक डुललं तर बेरिंग उघडा. ग्रीस वर्षात दोनदा, बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आणि दिवाळीला असं लक्षात ठेवा, आणि गाडी ओढ्याच्या पाण्यात आसापर्यंत बुडाली असेल तर लगेच, वाट बघू नका. हवा टायरवर लिहिली आहे तेवढी, कमी हवेवर डांबरावरनं चालवलं तर ओढ वाढते. चिखलात थोडी कमी चालते पण परत भरायची आठवण राहिली पाहिजे, आमची राहत नाही म्हणून आम्ही तो उद्योगच करत नाही.

ब्रेक! बहुतेक गाड्यांना नसतोच. उतारावर सगळं वजन बैलाच्या मानेवर येतं आणि बैल मागं रेटून गाडी थोपवतो, त्याचे पाय तिथंच जातात. जुन्या आसाचे ब्रेक ड्रम चालू असतील तर त्याला तारेनं हातदांडा जोडून घ्या. नसेल तर टायरवर दाबणारा लाकडी ठोकळा आणि दांडा कुठलाही सुतार-वेल्डर करून देतो. आणि ओढ्यातनं वर चढताना मागं चालणाऱ्या माणसाच्या हातात एक दगड कायम पाहिजे, चाकामागं टाकायला.

भरताना उलाळ आणि जू

दोन चाकी गाडीत माल कुठं ठेवला यावर सगळं. मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला जोती आवळतात. पुढं जास्त झाला की सगळं मानेवर. बैल न जुंपता गाडी भरा, दांडीखाली शिपाई, म्हणजे टेकू, लावा, आणि जू उचलून बघा. एका माणसाला सहज उचलता आलं पाहिजे, पण सोडलं की खाली गेलं पाहिजे, आपणहून वर जाता कामा नये. इतकंच माप. चढाला लागलं की वजन मागं सरकतं, उताराला पुढं, आणि माल जितका उंच रचला तितका हा फरक मोठा. म्हणून जड पोती तळाला आणि आसाच्या वर, हलकी वैरण वर. पिंजराची गाडी उंच रचून एकदा विहिरीच्या वळणावर आमची अख्खी उलटली, बैल जोती तुटून बाजूला झाले म्हणून वाचले. तेव्हापासनं मोठा दोर दोन्ही बाजूंनी आवळल्याशिवाय गाडी हलत नाही.

जुवाखाली हात घाला आणि फिरवा. कुठं गाठ लागते, कुठं फट, कुठं खिळा? बैलाच्या मानेला पण तेच लागतंय, दिवसाला हजार वेळा. जू जिथं मानेवर बसतं तिथं ते रुंद, गोलसर आणि गुळगुळीत पाहिजे, काचेच्या तुकड्यानं खरवडून तेल लावा. रुंद बूड म्हणजे तोच भार जास्त जागेवर पसरतो. गादी बांधायची असेल तर रोज सुटणारी, धुऊन वाळवता येणारी बांधा, घामानं भिजलेली घट्ट गोधडी सालटं काढते. दोन्ही बैल उंचीनं सारखे नसतील तर बुटक्यावर भार जास्त पडतो, जोडी बघताना रंगापेक्षा उंची बघा, पण आमच्यातले म्हातारे आधी शिंगंच बघतात.

इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या पोरांनी २०२२ मध्ये जुवाखाली एक फिरतं तिसरं चाक बसवलं, सारथी नावाचं, मानेवरचा भार त्या चाकावर घ्यायचा म्हणून. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी बघितलंच असेल. कल्पना चांगली, डांबरावर ऊस नेणाऱ्याला उपयोगी, पण आमच्या पाणंदीत ते बारकं चाक आधी रुतेल असं मला वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात पण पशुशक्तीचा योग्य वापर म्हणून योजना आहे, बैलाची सुधारित अवजारं तिथं बघायला मिळतात. आणि बैलगाडी सुधारा म्हणून देशात मोठा आवाज उठवला तो बंगलोरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी, मॅनेजमेंट शिकवणारा माणूस गाडीच्या मागं लागला, म्हणजे विषय काय बारका नाही.

बैल

खिलार चालीला चपळ, कृष्णाकाठचा जड ओढीचा. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाल्यापासनं चांगल्या खिलार खोंडाचा भाव आपल्यासारख्याच्या हाताबाहेर गेला, त्यामुळं वडगावच्या बाजारात कामाचा, सहा दाती किंवा नुकताच जुळलेला (सगळे दात आलेला), शांत बैल बघा, देखणा नको. चालवून बघा, बसवून उठवून बघा, खांद्यावर हात फिरवून जुनी गाठ आहे का बघा, खूर बघा.

डांबरावरनं जाणार असेल तर खुरांना लोखंडी पत्र्या मारायलाच लागतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ पत्र्या. झिजल्या की वेळेत बदला, अर्धी सुटलेली पत्री बैलाला लंगडा करते.

खांदेसूज ही सगळ्यात मोठी अडचण. संध्याकाळी जू काढल्यावर मानेवर हात फिरवा, गरम लागलं, दाबल्यावर बैलानं मान काढली, तर उद्या सुट्टी, काय वाट्टेल ते काम असू दे. रॉकेल, जळकं ऑइल असले उपाय करू नका, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, १९६२ ला फोन लावला तर फिरता दवाखाना येतो. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदमळणी करतो, हळद आणि लोणी चोळतो, पण वर्षातनं एकच दिवस! रोज दोन मिनिटं ओल्या फडक्यानं घाम पुसायचा आणि हात फिरवायचा, ती खरी खांदमळणी.

खाण्यात हंगामात फुकटची वाढी (उसाचे शेंडे) मिळतात म्हणून नुसती वाढीच टाकू नका, त्यातल्या ऑक्झलेटनं अंगातलं कॅल्शियम कमी होतं. सोबत कडबा, पिंजर, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्याला, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी, आणि लम्पीची चुकवू नका, २०२२ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

कामाचे तास त्या १९६५ च्या नियमातच आहेत: दिवसात नऊ तासाच्या वर नाही, सलग पाच तासाच्या वर नाही, आणि ३७ अंशाच्या वर ऊन असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. आमच्या खेपा सकाळी ६ ते १० मध्येच संपतात.

अंधारात रस्त्यावर

मागं लाल रेडियम, दोन्ही टोकांना, आणि माल बाहेर लोंबत असेल तर मालाच्या टोकाला पण. बैलांच्या शिंगांना, दांडीला पुढं पांढरं. ऊसगाड्यांना रात्री मागनं वाहनं धडकतात हे आपल्याकडं दर हंगामाला ऐकतो, आणि रेडियमची पट्टी म्हणजे एका चहाच्या खर्चात. वैरणीनं रेडियम झाकलं जातंय का ते भरल्यावर मागं जाऊन बघा, आमचं दोनदा झाकलं गेलेलं.

पैरा

चार घरांत एक जोडी. जोडी एकाच्या गोठ्यात, त्याला शेणखत आणि त्याच्या खेपा फुकट. बाकीच्या तिघांनी वैरण वाटून द्यायची, खेपेचे पैसे नाहीत पण खेप लिहायची, आणि महिन्याच्या शेवटी ज्याच्या खेपा जास्त त्यानं जास्त पेंड आणायची. पत्री, टायर, डॉक्टर हे सगळे मिळून. एकच नियम कडक: दुसऱ्याच्या खेपेला पण संध्याकाळी खांदा बघायचाच आणि वहीत लिहायचं, बरा का गरम. जुन्या लोकांचा वारंगुळा असाच चालायचा, फक्त वही नव्हती म्हणून भांडणं व्हायची. आमची वही गोठ्यात खुंटीला टांगलेली असते. पेन मात्र दर आठवड्याला कुणीतरी नेतंयच.